खांबापाशी मांडी

ऑकलंडच्या डॉक्टरांनी इऊपेलीला डावा गुडघा नवा बसवला. व्यायाम घेणाऱ्या पोरीनं बजावलं, ‘‘काका, चाला, पायऱ्या चढा, खुर्चीत बसा. जमिनीवर मांडी मात्र घालायची नाही.’’ इऊपेलीनं मान डोलावली आणि सामोआत उतरताच तिचं बोलणं खुंटीला टांगलं. करणार काय? बाप गेल्यापासून घराण्याची ‘ताऊफेतू’ ही पदवी रिकामी होती. ती कोणाला द्यायची ते घराण्याच्या बैठकीत ठरायचं होतं आणि तिथं ज्याला मान हवा त्यानं खांबाला पाठ लावून मांडी घालायची असते. वडीलधारे चटईवर आणि हा वर खुर्चीत, हे कोण खपवून घेणार?

मग रोज सकाळी त्याची बायको पिसिला तो पाय वाकवायला घ्यायची. नडगी दोन्ही हातांनी धरून अंगाचा सगळा भार टाकायची. दया तिला ठाऊकच नव्हती.

‘‘मेलो गं! सोड!’’

‘‘मेलात तर पदवी सेमूला जाईल. ओरडा खुशाल.’’

सेमू म्हणजे धाकटा भाऊ. तो रोज ताजी मासळी घेऊन यायचा आणि दारात बसून कौतुकानं बघायचा. ‘‘शाब्बास दादा! वहिनी, अजून थोडं दाबा, होतंय.’’ इऊपेलीला भरून यायचं. असा भाऊ मिळायला नशीब लागतं, असं तो बायकोला म्हणाला.

‘‘गुडघ्याबरोबर अक्कलही काढून घेतलेली दिसतेय तुमची,’’ पिसिला म्हणाली.

बैठकीच्या दिवशी इऊपेलीनं सगळ्यांसमोर खांबापाशी मांडी घातली. शेवटचा शब्द मालाएआ आत्याचा, म्हणजे बापाच्या बहिणीचा. ती समोरच बसली होती. तिनं समाधानानं मान हलवली. पदवी जवळजवळ पदरात पडली होती.

तेवढ्यात सेमूनं स्वागताचं भाषण मागून घेतलं.

आमच्याकडे प्रत्येक घराण्याची पदवी मानानं उच्चारावी लागते, पण ते थोडक्यातही उरकता येतं. सेमूनं लांबचा रस्ता धरला. पूर्वज झाले, त्यांच्या होड्या झाल्या, कबरी झाल्या. मध्येच एका चुलत्याचं नाव चुकलं म्हणून कान पकडून त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. इऊपेलीच्या गुडघ्यात आग पेटली होती. घाम हनुवटीवरून ठिबकत होता. सेमू त्याच्याकडेच बघून बोलत होता आणि आता कुठे इऊपेलीच्या डोक्यात उजेड पडला.

‘‘दादा,’’ सेमू मधाळ आवाजात म्हणाला, ‘‘पाय लांब कर ना. आजारी माणसाला सगळं माफ असतं.’’

‘‘मी आजारी नाही!’’

‘‘देवाची कृपा! मग आजोबांविषयीही दोन शब्द बोलतो.’’

दोन शब्द संपेनात. शेवटी पाय मालकाला न विचारताच सुटला आणि सरळ झाला. उघडा तळवा थेट आत्याच्या तोंडासमोर आला. थोरांना तळवा दाखवण्याइतकी मोठी दुसरी बेअदबी नाही.

सेमू लगबगीनं उठला. एक चटई ओढून त्यानं दादाच्या पायांवर घातली आणि बाळाला पांघरूण घालावं तशा कडा नीट खोचल्या.

‘‘याला लाज राखता येते,’’ आत्या म्हणाली. ‘‘पदवी सेमूची.’’ कोणी हरकत घेतली नाही. पिसिला दाराशी उभी होती. ती नवऱ्याकडे न बघता घरी निघून गेली.

सगळे जेवायला उठले. इऊपेलीला उठता येईना. सुजलेला पाय खाली टेकत नव्हता आणि शेजारून जाणारा प्रत्येक जण दुसरीकडे बघत होता.

‘‘सेमू, हात दे रे.’’

सेमू दोन पावलांवर पाठमोरा उभा राहून एका म्हाताऱ्याशी हसत बोलत होता.

‘‘सेमू!’’

त्याला ऐकूच गेलं नाही. ‘‘ताऊफेतू,’’ इऊपेली म्हणाला, ‘‘मला जरा हात द्या.’’

हात लगेच पुढे आला.