पाटीवरचं नाव

"एवढंच? नुसतं खेचर?" पितळी पाटी फडक्यानं पुसत कोरणारी बाई म्हणाली. "माणसाच्या निरोप समारंभाला देताय ना?"

"आमच्या गोदामात सगळे त्याला ह्याच नावानं ओळखतात," मुकादम म्हणाला. "बत्तीस वर्षं झाली."

मुकादमाची सून शेजारच्या स्टुलावर टेकली होती. तिला सातवा महिना होता. "अहो, दोन माणसांचं ओझं काका एकटे उचलायचे," ती कौतुकानं सांगू लागली. "म्हणून खेचर. हो ना, बाबा?"

हे तिला मुकादमानंच सांगितलेलं. गोदामात नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला तो हेच सांगत आला होता. आताशा त्यालाही ते खरं वाटायचं. 'हो' म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि नजर सुनेच्या पोटाकडे गेली. सून दुसऱ्या समाजातली. लग्नानंतर वर्षभर त्यानं मुलाशी अबोला धरला होता.

बाईनं पाटीवर कोरणी टेकवली.

"थांबा."

"काय झालं?"

"ओझ्यावरून नाही पडलं ते नाव." तो पाटीकडेच बघत होता. "पहिल्या दिवशी तो सहज बोलून गेला, आई एका समाजातली, वडील दुसऱ्या. मी म्हटलं, घोडा नाही, गाढवही नाही, म्हणजे खेचरच की! सगळे पोट धरून हसले. तोही हसला. हजेरीत मी तेच लिहिलं."

सुनेनं ओढणी पोटावर ओढून घेतली.

"मग काय कोरू?" बाईनं विचारलं.

मुकादमानं त्याचं खरं नाव आठवून पाहिलं. पुन्हा पाहिलं. शेवटी त्यालाच फोन लावला.

"बोला, मुकादम."

"तुझं पूर्ण नाव सांग. पाटीवर घालायचंय."

पलीकडचा गलका दूर गेला.

"कोण विचारतंय?"

"मीच."

मग तो सांगू लागला. आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं. कचेरीत अनोळखी कारकुनाला सांगावं तसं, अक्षर न् अक्षर सुटं करून. मुकादम आईच्या नावाशी अडखळला.

"पुन्हा सांग," तो म्हणाला.

सुनेनं त्याच्या हातातून फोन घेतला.

"काका, मला सांगा," ती म्हणाली. "मी लिहून घेते."