हयातीच्या दाखल्यावरची सही

शेषराव प्लास्टिकची पिशवी घेऊन फाटकाशी उभे राहिले, तसं रमाकांतांनी हातातलं वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. पिशवीत काय आहे ते बघायची त्यांना गरज नव्हती.

नांदुऱ्याच्या कॉलेजात ग्रंथपाल असताना रमाकांतांनी आयुष्यात एकदाच कुणाला पैशाचा सल्ला दिला होता. पुण्याकडची एक बांधकाम कंपनी शेअर विकत होती. वर्तमानपत्रात तिच्याबद्दल चांगलं लिहून आलं होतं आणि छापलेलं सगळं खरं मानायचं त्यांचं तेव्हा वय होतं. शेजारच्या शेषरावांनी त्या वर्षीचे कापसाचे पैसे तिच्यात घातले, वर अर्जावर दुसरं नाव रमाकांतांचं टाकायला लावलं. "वाचलं तुमी, मंग नाव तुमचंबी पाह्यजे, सर." एवढंच कारण.

कंपनीनं ना धड घरं बांधली, ना कधी लाभांश दिला. शेषरावांनी त्यावरून चकार शब्द काढला नाही आणि नेमकं तेच रमाकांतांना सोसेना. शेजारी चहाला जाणं त्यांनी हळूहळू बंद केलं. आधी प्रकृतीचं कारण, मग वाचनाचं. पुढे कारणही कुणी विचारेनासं झालं.

"हे वाचा बरं, सर." शेषरावांनी पिशवीतून पुस्तिका काढली. खाली ते जुने कागदी शेअर होते, घडीसुद्धा न मोडलेले. "कंपनी कोन्या मोठ्या शेठनं घेतली म्हंते. अन् आता आपल्याले इचारून राह्यले, तुमचे शेअर देता का म्हून. आपल्याले! फसवाफसवी तं नाई ना?"

रमाकांतांनी चष्मा पुसून पुस्तिका दोनदा वाचली. स्वतःच्या वाचण्यावर त्यांचा आता विश्वास नव्हता, म्हणून तिसऱ्यांदाही वाचली. फसवणूक नव्हती. एका बड्या कंपनीनं मूळ मालकांचा हिस्सा विकत घेतला होता, आणि कायदा असा होता की कंपनी ताब्यात घेणाऱ्यानं बाकीच्या किरकोळ भागधारकांनाही रोख भाव देऊ करायचा. मनात असो नसो, विचारायचंच.

"त्यांना विचारणं भागच आहे, म्हणून विचारतायत," ते म्हणाले.

"भाग पडलं म्हून का होईना, इचारलं ना? माह्या साडभावानं तं पोरीच्या लग्नात जेवाले नाई इचारलं."

भाव फार नव्हता. पण घातलेले पैसे परत येऊन वर बरेच उरत होते, आणि ते कशाला लागणार हेही ठरलेलं होतं. शेषरावांच्या बायकोचे, गोजरबाईंचे, गुडघे गेले होते. संडास अंगणापलीकडे, पायऱ्या उतरून. पोळ्याच्या दिवशी त्या तिथंच पडल्या. तेव्हापासून दर वेळी कुणीतरी धरून न्यायचं, आणि कुणाला हाक मारायला लागू नये म्हणून ती बाई दिवसभर पाणीच पीत नसे.

"तिच्या खोलीले लागून बाथरूम काढतो," शेषराव म्हणाले. "खुर्चीवानी बसाचं. फक्त तुमची सही लागते, सर. तवा केलती तशी."

मुदत पुढच्या आठवड्यात संपत होती. रमाकांतांनी मान डोलावली खरी. तेव्हाची सही! 'र'च्या शेपटीला लांब झोका देऊन ती एका दमात उमटायची. नव्या पुस्तकावर पहिली सही करताना त्यांना स्वतःचंच कौतुक वाटायचं. आता हात कापत होता. दोन दिवस ते वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर स्वतःचीच सही गिरवत बसले आणि अखेर श्वास रोखून त्यांनी ती फॉर्मवर उतरवली.

खामगावच्या शेअर दलालानं, हर्षलनं, फॉर्म उजेडात धरला. "काका, ही सही केलेली नाही, काढलेली आहे. जागोजागी पेन थांबलंय. कंपनीवाले परत पाठवतील."

"माझीच आहे हो."

"असेल. पण चोरल्यासारखी दिसते." त्यानं हसून नवे फॉर्म पुढे केले. "नव्यानं करा. आणि तुमच्या बँकेकडून सही खरी असल्याचा शिक्का आणा, म्हणजे जुनीशी जुळायची भानगड नाही. शुक्रवारच्या आत मात्र."

परतीच्या एसटीत शेषरावांशेजारी बसून रमाकांत खिडकीबाहेर बघत राहिले. अर्धा रस्ता मागे पडला तेव्हा कुठे ते बोलले. "शेषराव, माझ्यामुळे तुम्ही दुसऱ्यांदा बुडणार."

"पयल्यांदा कवा बुडालो?"

"तेव्हा मीच सांगितलं होतं ना, चांगली कंपनी आहे म्हणून."

"अन् घरात ठेवले असते तं मेव्हण्यानं नेले असते. त्याच्याकून एक पुस्तिका आली असती का मले?" शेषराव मोठ्यानं हसले, मग त्यांच्याकडे वळले. "म्हून चहाले येनं बंद केलं का तुमी? गोजर म्हने, सरचं नाव जबरीनं अर्जावर टाकाले लावलं, म्हून सर आपल्यावर रागावले. ती कितीकदा मले बोलली त्याच्यापायी."

 रमाकांतांनी रुमाल काढून चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढला.

दुसऱ्या दिवशी बँकेत श्रद्धा मॅडमसमोर त्यांनी पुन्हा तोच झोका काढायला घेतला. सवयच जडली होती. मॅडमनी सही पाहिली, कॉम्प्युटरवर पाहिलं आणि मान हलवली. "जुळत नाही, काका."

रमाकांतांचा चेहरा पडला. शेषराव पुढे सरकले. "मॅडम, मानूस तं तोच हाये ना?"

"माणूस तोच आहे, सही दुसऱ्या कुणाची करतायत." मॅडमनी पडदा रमाकांतांकडे वळवला. "पेन्शनसाठी हयातीच्या दाखल्यावर करता ना, ती करा. गेल्याच महिन्यात केलीत."

पडद्यावर एक वाकडीतिकडी सही होती. अक्षरं एकमेकांना धरून चालल्यासारखी. जिवंत असल्याचं लिहून देताना ती बरी दिसावी असं रमाकांतांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"पण ही थरथरतेय."

"थरथरू दे. बँकेला तुमची म्हणून हीच माहीत आहे."

मग त्यांनी श्वास न रोखता सही केली. हात कापायचा तेवढा कापला. मॅडमनी शिक्का मारला.

"पाह्यलं, सर?" बाहेर येताना शेषराव म्हणाले. "उगाच जवान व्हाले गेलते तुमी!"

शेअर सगळे घेतले गेले. महाराजांच्या प्रकटदिनाच्या आधी बाथरूम झालं, आणि गोजरबाईंनी निरोप धाडला की सर आले नाहीत तर मीच येते, मग रस्त्यात पडले तर पाप त्यांच्या डोक्यावर.

रमाकांत गेले. परक्या घरचं बाथरूम बघायला ते संकोचत होते, पण गोजरबाई भिंतीची दांडी धरून, कुणाचा हात न घेता आत गेल्या आणि दिवा लावून दाखवला.

"पानी पेतो आता पोटभर," त्या म्हणाल्या. "बसा, सर. चहा ठेवला."

रमाकांत नेहमीच्या जागी बसले. ती जागा इतकी वर्षं कुणी हलवली नव्हती. त्यांना पुस्तिकेतलं ते कलम आठवलं. कुणीतरी कुठल्याशा कचेरीत बसून लिहिलं असेल की लहानांनाही विचारलंच पाहिजे. त्या माणसाचं नाव पुस्तिकेत नव्हतं. त्यांनी शोधलं होतं. आभार मानायला पत्ताही नाही.

"उद्या येता ना?" शेषरावांनी विचारलं.

सवयीनं रमाकांतांनी एखादं कारण आठवून पाहिलं.

"येतो," ते म्हणाले, आणि कप पुढे केला. "वहिनी, अजून अर्धा आहे का?"