खलफ पायरीवर बसला

मंगळवारी सकाळी कॉलेजच्या कचेरीत वार्षिक अहवाल टाइप होत होता. टायपिस्ट इख्लासबाईंच्या एका हातात तामियाचा, म्हणजे तळलेल्या वड्यांचा, पाव होता आणि दुसऱ्या हाताचं एकच बोट कीबोर्डवर चालत होतं.

"'सरत्या वर्षात आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने गगनभरारी घेतली...' रिहाम, भरारीला दुसरा शब्द सांग गं. गेल्या वर्षीही भरारीच घेतली होती. खाली कधी उतरलो ते कुणी लिहीतच नाही!"

रिहाम हसली. ती काँक्रीटच्या प्रयोगशाळेत रोजंदारीवर होती. तीन वर्षांपूर्वी याच कॉलेजातून ती पहिली आली होती. पहिल्या येणाऱ्याला शिकवण्याची जागा द्यायची, हा कॉलेजचा नियम. जागा गेली प्राचार्यांच्या भाच्याला. तो अकरावा आला होता. रिहामच्या अर्जावर शेरा पडला: 'सामाजिकदृष्ट्या अनुरूप नाही.' कारण तिचा बाप खलफ नाईलपलीकडच्या कबरस्तानात कबरी खणतो. गावातली माणसं आपले मुडदे त्याच्या हाती सोपवतात, पण त्याच्या हातचा चहा घेत नाहीत. सकाळी तो वाटेत दिसला तर घरी परततात आणि थोडं थांबून पुन्हा निघतात. शिकलेलीसुद्धा. शिकलेली तर जरा जास्तच.

"पुढे ऐक. 'भावी योजना: नव्या इमारतीवर आणखी दोन मजले.'"

रिहामचं हसू विरलं.

त्या इमारतीचं काँक्रीट ओतलं तेव्हा कंत्राटदार हाजी मिदहतने तपासणीसाठी ठोकळे पाठवले होते. ठोकळे दाबून फोडले की काँक्रीटची ताकद कळते. मजूर त्यांना 'नवरीचे ठोकळे' म्हणतात. जादा सिमेंट घालून, वेगळे ओतून, नटवून पाठवलेले. खांबात जातं ते निराळंच. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे नवरीचं तोंड पाहून सही करतात. रिहामने मात्र खांबात जाणाऱ्या पाटीतलंच काँक्रीट घेऊन तीन ठोकळे भरले, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवले आणि फोडले. ताकदीचा आकडा तीस यायला हवा होता. चौदा आला.

पुढे जिन्याजवळ भेग पडली. तिने भेगेवर काचेची पट्टी चिकटवली. भिंत हलली की काच तडकते. दोन पट्ट्या तडकल्या होत्या. तिसरी तिने कालच लावली होती.

दुपारी प्राचार्य डॉ. रुश्दींनी बोलावलं. "ये, ये, बाशमुहंदिसा!"

इंजिनियरला मानाने मारायची ही हाक त्यांच्या तोंडून तिच्यासाठी पहिल्यांदाच निघाली होती.

"गुरुवारी वार्षिक सभा. अहवालाला इमारतीच्या ताकदीचा दाखला जोडायचाय. सही तुझी. शिकवण्याची जागाही तुझी. सभेतच जाहीर करतो."

सही खरं तर भाच्याने करायची. पण पट्ट्यांचं कानावर आलं आणि भाचा ऐन वेळी आजारी पडला.

"सर, माझे ठोकळे चौदावर फुटलेत."

"तुझे ठोकळे? तुला कुणी सांगितलं होतं भरायला? आणि भेगेचं म्हणशील, तर बाळाला दात येतात तशा नव्या इमारतीला भेगा येतात, पोरी." त्यांनी पेन पुढे सरकवलं. "कबर खणणाऱ्याच्या मुलीसाठी असं दार दोनदा उघडत नसतं. विचार कर."

तिने पेन उचललं नाही. पण नाहीही म्हणाली नाही.

संध्याकाळी ती नावेने घरी आली. खलफ भाकर पुढ्यात घेऊन बसला होता आणि स्वतःशीच हसत होता.

"आज नावाड्यानं हात मिळवला माझ्याशी. 'लेक मास्तरीण होणार म्हणं तुझी!' चाळीस वर्सांत पयल्यांदा, पोरी."

रिहामने हातातला घास खाली ठेवला. तरी तिने सगळं सांगितलं. ठोकळे, पट्ट्या, बाळाचे दात. खलफची भाकर हातातच राहिली.

"बाजारामागची इमारत पडली, तवा एका दिसात अकरा खणल्या म्या. तिच्या दाखल्यावर बी कुणी तरी सही केलीच आसंल की." मग त्याने विचारलं, "किती पोरं बसायची तितं?"

"चारशे, आबा."

खलफने दारातून कबरस्तानाकडे पाहिलं.

"एवढी जागा न्हाई माझ्याकडं."

गुरुवारी सकाळी सभा भरली. डॉ. रुश्दींनी भरारी वाचली, दोन मजले वाचले आणि रिहामचं नाव घेतलं. टाळ्या पडल्या. ती उभी राहिली.

"मी सही केलेली नाही. करणारही नाही. खांबातलं काँक्रीट चौदावर फुटतं. तिसरी पट्टी आज पहाटे तडकली."

तिला माइक कुणी दिलाच नव्हता. मागून आवाज आला, "कबरवाल्याची पोर ही! हिला जिथं तिथं कबरीच दिसणार!" सभागृह खदखदून हसलं. शंभर इंजिनियर हसले. मग सगळे फीत कापायला निघाले.

नव्या इमारतीच्या पायरीवर खलफ बसला होता. मांडीवर फावडं, शेजारी चहाची किटली.

मिरवणूक जागीच थबकली. हाजी मिदहत तोंडातल्या तोंडात दुआ पुटपुटत चार पावलं मागे सरला.

"उचला त्याला!" डॉ. रुश्दी ओरडले.

"सकाळी सकाळी, साहेब?" पहारेकऱ्याने हात मागे घेतले. "घरी लेकरंबाळं आहेत माझी. मी नाही शिवायचो."

"या की," खलफ म्हणाला. "म्या कुटं आडवलंय? दार उघडंच हाय. मला वलांडा आन् जावा आत."

एकही माणूस पुढे आला नाही. चौदाचा आकडा ऐकून हसणारे खलफला पाहून पांढरे पडले. विद्येने जी पावलं थांबली नाहीत, ती विटाळाने थांबली. लाज वाटायचीच असेल, तर हिची वाटू द्या.

रिहाम बापाशेजारी जाऊन बसली. एवढ्यात गर्दीतून इख्लासबाई पुढे आल्या आणि पायरीपाशी उभ्या राहिल्या.

"खलफकाका, साखर किती घालता हो?"

खलफने पेला भरून पुढे केला. बाईंनी तो पेला घेतला आणि सगळ्यांच्या देखत घोटघोट प्यायला.

रिहामची रोजंदारी त्याच दिवशी सुटली. जाण्यापूर्वी तिने भेगेवर चौथी पट्टी चिकटवली आणि बाजूला तारीख लिहिली. खलफ रोज पहिल्या नावेने येतो आणि पायरीवर बसतो. इमारत अजून रिकामी आहे. दाखला मात्र प्राचार्यांच्या टेबलावर तसाच पडून आहे, सहीची वाट पाहत. खलफचं वय सत्तर आहे. तो यायचा बंद होईल त्या दिवशी पायरीवर कोण बसणार, ते तुम्ही सांगा.