पाचव्या दिवशी चीवर उतरवलं

मी दॉ न्युंट. पखोक्कूला नदीच्या धक्क्यावर तीस वर्षं मोहिंगा विकते. माझ्याकडे शेवयांवर माशाचा रस्सा गरम मिळतो आणि सोबत दोन शब्द ऐकून घ्यावे लागतात, ते फुकट. जिभेला हाड नाही म्हणतात ना, ती मी. तर अशी मी एका साली थिंजानच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या पाणी उडवायच्या सणाच्या, आदल्या दिवशी विहारात जाऊन डोकं भादरून आले, नऊ दिवस चीवर घालून मौन धरणार आहे, हे कळल्यावर धक्क्यावरच्या बायकांनी पैजा लावल्या. बहुतेकींनी दोन दिवस धरले होते. एकीनं तर अर्धाच.

नवं वर्ष लागताना आमच्याकडे जो तो काहीतरी अधिष्ठान धरतो. कुणी वर्षभर गोमांस सोडतं, कुणी रोज माळेचे इतके फेरे करीन म्हणतं, माझा शेजारी दर साली चिरूट सोडतो आणि पावसाळ्याच्या आत पुन्हा धरतो. माझं एकच होतं. थुझारची माफी मागायची.

थुझार माझी सून. ती शुक्रवारी जन्मलेली, आणि माझा क्यॉ यिन सोमवारचा. या दोन वारांचं लग्न लावू नये, आयुष्य तुटतं, असं आमच्याकडची जुनी माणसं मानतात. मी लग्नात कुरकुरले, मग मो पिंट झाली, नात मांडीवर आली, आणि मी गप्प बसले. सात वर्षं सुखाची गेली. मग क्यॉ यिन तापानं गेला. सातव्या दिवशी भिक्खूंना जेवण दिलं, सगळी गल्ली मांडवात बसलेली, आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "शुक्रवारचे, माझ्या पोराला खाल्लंस तू." थुझारच्या हातात भाताचं पातेलं होतं. तिनं ते खाली ठेवलं, हात पुसले, मुलीला कडेवर घेतलं आणि नदीपलीकडे माहेरी गेली. त्याला दोन वर्षं झाली होती.

मी काही हातावर हात ठेवून बसले नव्हते. दोनदा होडीनं गेले होते. पहिल्यांदा दारातच मो पिंटचे बारीक हात दिसले आणि तोंडातून निघालं, "पोरीला काय वारा खायला घालतेस?" दुसऱ्यांदा तिच्या आईशीच जुंपली, ती कशावरून हेही आता आठवत नाही. दोन्ही वेळा माफी पोटात घेऊन परत आले.

सुमना गुरुमाई विहारातल्या थोरल्या. सत्तरी उलटलेली, काटकुळ्या, आवाज वाळक्या पानासारखा. भिक्षेला धक्क्यावर यायच्या तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझं तोंड तुझ्या आधी पोचतं. नऊ दिवस बंद ठेव त्याला. मग जा."

"नऊच का?"

"अधिष्ठान नवाचंच असतं. आणि तुला तर नव्वदही कमी पडतील."

केस काढताना दोघी जणी पांढरं कापड धरून बसल्या, केस जमिनीवर पडू नयेत म्हणून. माझे केस कमरेपर्यंत होते. त्या कापडात ते पडत गेले आणि मला वाटलं, हे कुणाचं तरी झोपलेलं मांजर आहे. मग गुलाबी चीवर अंगावर आलं, खांद्यावर तपकिरी उपरणं आलं, आणि वारा पहिल्यांदाच थेट डोक्याला लागला. त्या वाऱ्यानंच मला निम्मं गप्प केलं असेल.

पुढचे चार दिवस मला सलग असे आठवत नाहीत. बाहेर थिंजान चालू होतं. भिंतीपलीकडे ढोल, लाउडस्पीकर, पाण्याचे हंडे उपडे होण्याचा आवाज, पोरींचं किंचाळणं. आत सागवानी फरशी, उकाडा, आणि श्वास. येतोय, जातोय. अंगणातलं पदौकचं झाड तेव्हाच फुललं होतं, तो वास दुपारी इतका दाट व्हायचा की श्वासाबरोबर पिवळं काहीतरी आत जातंय असं वाटायचं. पहिल्या दिवशी मी सगळा वेळ मनातल्या मनात रस्सा ढवळला. आलं कमी पडलं, केळीचा गाभा नीट शिजला नाही, असं चाललं होतं. श्वास येतोय, जातोय, लसूण जळतोय.

दुसऱ्या दिवशी रस्सा संपला. तिसऱ्या दिवशी दुपारी क्यॉ यिन आला.

झोप लागली होती की नव्हती, कोण जाणे. डोळे मिटलेले होते आणि पाठ ताठ होती. तो होडीत बसून करवंटीनं पाणी उपसत होता. ओला चिंब, कुणीतरी आत्ताच भिजवल्यासारखा. मी काठावर होते. मी म्हटलं, अरे, मी तुझ्या बायकोची माफी मागणार आहे. तो पाणी उपसत राहिला. मी म्हटलं, मी तसं बोलायला नको होतं, सगळ्यांसमोर तर नकोच होतं. तो उपसत राहिला. होडीतलं पाणी काही कमी होत नव्हतं. मला त्याचा राग आला. एवढी डोकं भादरून बसले आहे आणि हा मान वर करत नाही. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून एक बाई बोलली. अगदी स्पष्ट. "आज वार वाईट आहे. आज प्रवासाला निघायचं नाही. उद्या बघू."

आवाज माझाच होता.

मी डोळे उघडले. समोर बुद्धमूर्ती, तिच्यापुढे पाण्याचे पेले, कुणी हललंही नव्हतं. ते शब्द मी बोलले होते. खरोखरच बोलले होते. तापाच्या तिसऱ्या दिवशी थुझार म्हणाली होती, याला मंडालेच्या इस्पितळात नेऊ, आत्ता गाडी मिळेल. आणि मी दारात आडवी उभी राहिले. आज वार वाईट. चौथ्या दिवशी म्हटलं, ताप उतरतोय बघ. पाचव्या दिवशी निघालो तेव्हा तो वाटेतच गेला.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मी ते कुठंतरी इतकं खाली ठेवून दिलं होतं की त्यावर दोन वर्षं उभं राहून थुझारला शिव्या देता आल्या. मी त्याच्या दुःखानं बोलले नव्हते. मी घाबरले होते. कुणी माझ्याकडे बोट दाखवायच्या आत मी तिच्याकडे दाखवलं.

संध्याकाळी गुरुमाईंशी बोलायची मुभा असायची. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे माफी मागायला निघालीस ती वेगळ्याच गोष्टीची."

"हो."

"आता खरी गोष्ट सापडली. उरलेले दिवस त्या गोष्टीबरोबर बस."

पाचवा दिवस नव्या वर्षाचा पहिला. ढोल थांबले होते. रस्ते ओले होते आणि शहर अंघोळ करून बसल्यासारखं शांत होतं. सकाळपासून लोक विहारात येत होते, गुरुमाईंच्या पाया पडत होते, आम्हा नव्या मुंडण केलेल्यांच्याही पडत होते. मी ओळीत शेवटची. डोळे अर्धे मिटून बसले होते, श्वास चालला होता, आणि समोर कुणीतरी वाकलं. एकदा, दोनदा, तीनदा. कपाळ फरशीला. मी ते केस ओळखले.

थुझार होती. शेजारी मो पिंट, हात जोडून, वर्षाचे नवे कपडे घातलेली, इतकी उंच झालेली की मला क्षणभर दुसरीच पोर वाटली.

"गुरुमाई," थुझार म्हणाली. मला. फरशीकडे बघत. "आम्ही थायलंडला निघालोय, मासळीच्या कारखान्यात काम मिळालंय. आजच्या बाराच्या गाडीनं. परत कधी येणं होईल माहीत नाही. धक्क्यावर कळलं तुम्ही इथं आहात, निघण्याआधी पाया पडावं म्हणून आले." आणि मग तिनं ते म्हटलं, जे नव्या वर्षाला प्रत्येक धाकटा प्रत्येक थोरल्याला म्हणतो. "माझ्या हातून, वाणीतून, मनातून तुमचा काही अपराध झाला असेल तर क्षमा करा."

तिनं. मला.

मी तोंड उघडलं. दोन वर्षं जे नको तेव्हा उघडलं ते तोंड. पण मी चीवरात होते. मी उंच आसनावर, ती खाली. चीवरातल्या बाईनं संसारी बाईपुढे वाकायचं नसतं, तिनं फक्त आशीर्वाद द्यायचा असतो. माझ्या गळ्यातून तोच बाहेर आला. सुखी राहा, निरोगी राहा, संकटं दूर होवोत. माफी मागायला म्हणून मी इथं आले आणि मला इतकं वर चढवून ठेवलं होतं की खाली हात पोचत नव्हता. थुझार उठली. मो पिंटनं एकदा मागे वळून माझ्या डोक्याकडे बघितलं. त्या दोघी फाटकातून बाहेर गेल्या.

मी उठले आणि गुरुमाईंसमोर जाऊन बसले.

"मला उतरायचंय."

"नऊ दिवस बोलली होतीस. पाचच झालेत."

"बाराला गाडी आहे."

"तोंडानं सांग की. चीवरातही तोंड असतंच."

"इतक्या उंचावरून सांगितलं तर ती माफी मागणं होत नाही गुरुमाई, माफी देणं होतं. मला वाकायचंय तिच्यापुढे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "थोरल्यानं धाकट्यापुढे वाकलं तर धाकट्याला पाप लागतं, हे ठाऊक आहे ना? ती घाबरेल."

"घाबरू दे. सात वर्षं मला घाबरली, अजून एक दिवस."

गुरुमाईंच्या तोंडाची एक बाजू हलली. हसल्या असाव्यात. "वर्षाच्या पहिल्याच दिवशी अधिष्ठान मोडणारी तू पहिलीच," त्या म्हणाल्या आणि मला पंचशील दिलं, संसारी बाईला देतात ते. मी ओळ ओळ म्हटली. चीवराची घडी करून त्यांच्या पायाशी ठेवली. माझे कपडे घरी होते, म्हणून स्वयंपाकघरातल्या बाईनं तिची लुंगी आणि पोलकं दिलं. लुंगीवर हे मोठमोठे लाल जास्वंद. मी आरशात बघितलं नाही, बरं झालं.

मग मी चालत सुटले. अनवाणी, टक्कल, जास्वंदीची लुंगी. माझं वय तेव्हा एकसष्ट. डांबर तापलेलं होतं, खाचखळग्यांत पाणी साचलेलं होतं, आणि त्या पाण्यात आकाश पडलेलं होतं. मी त्या तुकड्यांतून पाय टाकत होते आणि मला खरंच कळत नव्हतं की मी चालतेय की अजून आत बसून श्वास मोजतेय. लोक वळून बघत होते. कुणीतरी हाक मारली असेल. मी ऐकली नाही.

थिंजानचे दिवस गाड्या बंद असतात, त्यामुळे गाड्यांच्या तळावर पहिल्या गाडीला ही गर्दी. टपावर बोचकी चढत होती. माझ्या गल्लीतली चार-पाच माणसं तिथंच होती, मांडवात सातव्या दिवशी जेवलेली. मला बरं वाटलं. सगळ्यांसमोर बोलले होते, तर सगळ्यांसमोरच परत घ्यायचं होतं.

थुझार गाडीच्या दाराशी उभी होती, मो पिंटचा हात धरून. मी तिच्यापुढे गेले, गुडघे टेकले आणि कपाळ डांबराला लावलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा लावायच्या आत तिनं माझे खांदे धरले होते.

"हे काय करताय? उठा. उठा आधी. मला कुठल्या नरकात घालताय?" तीही खाली बसली होती, माझ्याहून खाली जायला बघत होती, आणि आम्ही दोघी त्या डांबरावर गुडघ्यांवर कोण खाली जातंय याची झटापट करत होतो. कुणीतरी कोंबड्यांची पाटी घेऊन आम्हाला ओलांडून गेलं.

"ऐक," मी म्हटलं. "तू नाही खाल्लंस त्याला. तिसऱ्या दिवशी तू म्हणाली होतीस, इस्पितळात नेऊ. मी दारात आडवी झाले. मी वार बघत बसले. मी थांबवलं त्याला. आणि नाव तुझं घेतलं."

ती हलायची थांबली. बाजूची माणसंही थांबली होती. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, आणि कुणीतरी त्याला गप्प केलं.

"मला माहीत होतं," थुझार म्हणाली. हळू, शांत. "त्या दिवसापासून माहीत होतं. रोज वाटायचं, सांगावं. पण तुम्हाला ते माहीत नसेल तर ऐकून तुम्ही मराल, असं वाटायचं. आणि माहीत असून बोलत असाल तर मला तुमचं तोंड बघायचं नव्हतं."

मी फक्त मान हलवली.

तिनं मला माफ केलं, असं ती म्हणाली नाही. गाडीत चढायला तिचा नंबर आला होता, कामावर नेणारा दलाल आतून ओरडत होता, तिकीट काढलेलं होतं. थांब म्हणायचा मला हक्क नव्हता आणि मी म्हटलं नाही. तिनं मो पिंटला वर चढवलं. स्वतः पायरीवर एक पाय ठेवला आणि पुन्हा खाली उतरली. खांद्यावरचा पंचा काढला आणि माझ्या डोक्यावर बांधला, मागे गाठ मारली, कानाशी सारखा केला, अगदी लहान मुलाला बांधावा तसा.

"उन्हात उघड्या डोक्यानं फिरू नका, आई," ती म्हणाली.

गाडी निघाली. धूळ उडाली नाही, रस्ता ओलाच होता. क्यॉ यिन गेल्यापासून मी खूप रडले होते, पण ते सगळं रागानं. त्या दिवशी गाड्यांच्या तळावर बसून मी नुसती रडले.