पिवळ्या भिंतींचा गुन्हा

संसदेत खर्चाचं घोडं अडलं की वॉशिंग्टनमधल्या आमच्या कचेरीला टाळं लागतं आणि आम्ही सक्तीच्या रजेवर. त्या काळात कुणी हौसेनं फुकट काम केलं तर त्याला शाबासकी मिळत नाही. संसदेनं पैसा मंजूर केला नाही ना, मग सरकारनं ते काम फुकटातही घ्यायचं नाही. घेतलंच, तर खात्यानं आपण होऊन राष्ट्राध्यक्षांना आणि संसदेला कळवायचं, चुकलेल्याच्या नावानिशी. हा कायदा आम्हाला दरवर्षी लॉरेटा व्हँटरपूल शिकवते. ती आमची हिशेबप्रमुख, मी तिची मदतनीस. तिच्या धाकानं मी रजेत कचेरीची ईमेलसुद्धा उघडत नाही.

या खेपेला टाळं उघडलं, आम्ही परतलो आणि बैठकीच्या खोलीच्या दारातच थबकलो. वर्षानुवर्षं मळक्या राखाडी असलेल्या भिंती पिवळ्याधमक! मला उभ्या उभ्या हसू फुटलं. डागडुजीचं काम बघणारा रामिरो बाजूला लाजत उभा होता.

"घरी बसून डोकं फिरलं होतं हो. बायको म्हणाली, जा बाबा कुठेतरी. रंगाचे डबे इथे पडूनच होते."

"कुणाला विचारलंस?" आमचे साहेब, ब्रॅनिगन, म्हणाले.

"लॉरेटामॅडमना. फोनवर."

लॉरेटा मटकन खुर्चीत बसली. "नातीला आंघोळ घालत होते. तिच्या डोळ्यांत साबण गेलेला, तिचं भोकाड, त्यात याचा फोन. 'लाव बाबा, लाव' म्हटलं आणि विसरून गेले."

कायदा शिकवणारीनंच कायदा मोडला होता. तोही अगदी नको त्या वेळी, कारण पुढच्याच महिन्यात तिला सबंध खात्याची हिशेबप्रमुख करणार होते.

ब्रॅनिगनसाहेबांनी दार लोटलं. "हे बघ, चारच भिंती तर आहेत. रामिरो न विचारता आला असं म्हणू."

"म्हणजे माझं लफडं त्याच्या गळ्यात?" लॉरेटा उसळली. "मी दरवर्षी तुमच्यापुढे घसा कोरडा करते तो काय गंमत म्हणून?"

ती तडक टेबलाशी गेली आणि राष्ट्राध्यक्षांना नि संसदेला जायचं पत्र लिहायला बसली. काय घडलं, जबाबदार कोण, मुद्दाम केलं की चुकून, शिक्षा काय. शेवटी तिनं एक ओळ जोडली, 'काम उत्कृष्ट झाले आहे.'

"अगं, हे कुणी विचारलंय का?" मी म्हटलं.

"नसेल विचारलं. पण खरं आहे ना? राहू दे."

त्या पत्रावर सही लागते खात्याच्या प्रमुखांची, ऑसगूडबाईंची. बढती देणार होत्या त्याही याच. पत्र वर गेलं आणि मी सारखी फोनकडे बघत राहिले. लॉरेटा मात्र नातीसाठी लोकरीची टोपी विणत बसली. तिचे टाके सारखे चुकत होते, ते मला दिसत होतं.

अखेर फोन आला. लॉरेटानं तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"सही केली," ऑसगूडबाई म्हणाल्या. "तुला लेखी ताकीद मिळेल, ती चुकायची नाही. पण स्वतःलाच पकडून देणारी हिशेबनीस मी आजवर पाहिली नव्हती. लवकर रुजू हो बाई, आणि माझ्यावरही नजर ठेव."

मी नाचलेच. लॉरेटा रडत होती आणि हसतही होती.

ताकीद द्यायचा समारंभ पिवळ्या खोलीतच झाला. ब्रॅनिगनसाहेब कडक चेहरा करून वाचायला लागले, पण दुसऱ्याच वाक्याला खुदकन हसले. मग केक कापला. रामिरोनं हळूच विचारलं, "त्या पत्राची एक प्रत मिळेल? माझ्या कामाबद्दल राष्ट्राध्यक्षांना लिहिलंय म्हटल्यावर आई सबंध गल्लीला दाखवेल."

"देते की," लॉरेटा म्हणाली.

"आणि मॅडम, तुमची नवी खोलीही राखाडीच आहे म्हणे. एक डबा उरलाय. रविवारी येऊन—"

"नाही!" आम्ही सगळे एकदम ओरडलो.

लॉरेटानं त्याच्या हातात केकचा सर्वांत मोठा तुकडा ठेवला.

"सोमवारी ये," ती म्हणाली. "पगार चालू असताना."