म्हशीचं मत

“सांगतो, पण तुमचा विश्वास बसणार नाही. माझ्या सख्ख्या बायकोचा बसला नव्हता, आणि ती तर तिथे हजर होती,” असं बजावूनच मी सोसायटीच्या बाकावर जमलेल्या नव्या मंडळींना गोष्ट सांगायला घेतली.

गोष्ट आमच्या वॉचमनची. हा माणूस खुर्चीत धड बसत नाही. गाडी आलेली नसतानाही उठून फाटकापर्यंत जाऊन येतो. पूर्वी तो इथला गवळी. आमचा बाक आहे तिथेच त्याचा गोठा होता. दूध असं दाट, की माशी पडली तर त्यावरून चालत काठाला यायची आणि पाय पुसून उडायची.

मग बातमी आली, शहराची हद्द वाढणार आणि गाव आत जाणार. कुणी म्हणे नळ येतील, कुणी म्हणे आधी घरपट्टी येईल. गवळ्याला एकच कळलं: शहराच्या हद्दीत म्हशी ठेवू देत नाहीत. तेव्हापासून त्याचा पाय घरात ठरेना. बायको म्हणायची, अहो, टेका जरा, तुमच्या येरझाऱ्या बघून म्हशी रवंथ विसरल्यात.

शेवटी गाव अडून बसलं: आधी आम्हाला विचारा. साहेब आले, शाळेच्या पटांगणात हात वर करून मतदान झालं आणि दोन्ही बाजू समसमान निघाल्या. राहिलं कोण? गवळी. साहेबांनी वेळ ठेवली होती नेमकी धारेची. म्हैस पाळलेला माणूस असली वेळ ठेवणारच नाही. सगळा जमाव गोठ्यात शिरला. साहेब म्हणाले, हात वर करा.

“साहेब, हात सोडला तर ही पान्हा चोरेल. जरा दम धरा.”

साहेबांना दम नव्हता, मोजणी चालू होती. हात वर करावा तर दूध गेलं, न करावा तर गोठाच गेला. गवळी बसल्या जागी चुळबुळतोय, घामाघूम झालाय. मालकाची ती अवस्था म्हशीला बघवेना. तिने त्याच्या वतीने शेपूट वर केलं. पुढचं तपशिलात सांगत नाही, पण साहेबांच्या सदऱ्यावर जे मत पडलं ते बाद करणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं.

साहेब ओरडले, “हद्द झाली!”

गाव म्हणालं, “झाली ना? मग आता वाढवू नका.”

मंडळी पोट धरून हसली. फक्त दुसऱ्या मजल्यावरची नवी सून हसली नाही. तिने विचारलं, “काका, गाव जिंकलं, तर मग आपण शहरात कसे? आणि त्या म्हशी कुठायत?”

मी म्हटलं, सूनबाई, खरी गंमत तर पुढेच आहे. म्हशींनी मग काय केलं...

वॉचमन फाटकावरून परतून माझ्या मागे कधी उभा राहिला, कळलं नव्हतं.

“काका, मतदान झालंच नाही हो,” तो म्हणाला. “मी धार काढत होतो. ते आले, हद्दीची पाटी ठोकली आणि गेले. कुणी विचारलं असतं ना, तर दोन्ही हात सोडून आलो असतो.”