नाचातला लाकडी पाय

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पाय आहे. आमच्या फेरो बेटांवर झाडे उगवत नाहीत, त्यामुळे माझा जन्मही समुद्राच्या कृपेने झाला. लाटांबरोबर वाहत आलेल्या एका ओंडक्यातून हानुस नावाच्या होड्या बांधणाऱ्या म्हाताऱ्याने मला आपल्या पुतणीसाठी घडवले. तिचे नाव सुन्वा. कड्यावरून सुटलेल्या धोंड्याखाली सापडून तिचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता.

मला घालून सुन्वा मेंढ्यांमागे डोंगर चढायची, मासे वाळत घालायची. पण गावाला दिसायचो तो मीच. ती दुकानात शिरली की बोलणे थांबे, नजरा माझ्याकडे वळत आणि चोरासारख्या बाजूला होत. गाव वाईट नव्हते हो. उलट मायेचा असा पूर, की तिने बादली उचलली तरी कुणीतरी हिसकावून घेई. त्या मायेचा मला भारी राग यायचा.

तिचा जीव मात्र नाचात अडकला होता. आमच्या नाचाला वाद्य नसते. सगळे हात धरून साखळी करतात, पोवाडे गातात आणि पायांनीच ठेका धरतात. कुणी कुणाला बोलावत नाही; ज्याला वाटेल त्याने दोघांच्या मध्ये शिरावे. सुन्वासाठी मात्र दरवर्षी शेगडीजवळ खुर्ची मांडलेली असे.

एका हिवाळ्यात ती त्या खुर्चीवरून उठली. शेजारची एल्स्पाआजी म्हणाली, "बस गं पोरी, उगाच पडशील." सुन्वा न ऐकता साखळीत शिरली. काय सांगू, फळ्यांवर माझाच ठोका सगळ्यांत खणखणीत! पण लोकांच्या बुटांवरच्या बर्फाने फळ्या ओल्या झाल्या होत्या. मी सटकलो आणि सुन्वा सपशेल आडवी झाली.

गाणे थांबले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. हळहळत सगळे तिला उचलायला धावले. सुन्वा खाली बसूनच कडाडली, "मघाशी हानुसकाका पडले तेव्हा खो खो हसलात, गाणं चालूच ठेवलंत. मग मी काय मेले?"

उचलायला आलेले हात मागे झाले. शेवटी एल्स्पाआजीलाच हसू फुटले. "पडलीस मात्र पोत्यासारखी," ती म्हणाली. सगळी खोली हसली, सुन्वाही हसली. हानुसने पुढचे कडवे उचलले, दोन्ही बाजूंच्या हातांनी तिला साखळीत ओढले आणि मी पुन्हा फळ्या ठोकू लागलो.

आता माझी टाच झिजली आहे आणि मी खुंटीला टांगलेला असतो. अधूनमधून सुन्वा मला तेल लावते, तेवढे मला पुरे. तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे, मित्रांनो. पडलेल्याला हात जरूर द्या, पण त्याच्यासाठी गाणे थांबवू नका.